ऑल टाइम बेस्ट पिचर पेड्रो मार्टिनेझच, पटतंय का?

बोस्टनकर:
बेसबॉलमधला सगळ्यात भारी पिचर, म्हणजे बॅटरला बॉल टाकणारा, कोण म्हटलं की लोक लगेच विजय मोजायला बसतात, साय यंगचे ५११ वगैरे. माझं मत पेड्रो मार्टिनेझला. २००० साली त्याचा ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे दिलेले रन, १.७४ होता आणि त्याच लीगची सरासरी होती जवळपास ५! बॅटर स्टेरॉइड घ्यायचे तो काळ, दोनच वर्षं आधी मॅग्वायरने ७० होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेरचे फटके, मारलेले, आणि त्यात हा किरकोळ अंगाचा माणूस उभा राहतो. ऑक्टोबर १९९९ ची क्लीव्हलंडविरुद्धची मॅच आठवा, पाठ धरलेली, स्कोअर ८-८, हा चौथ्या इनिंगला आला, फास्टबॉलला नेहमीचा वेग नाही म्हणून कर्व्ह (वळणारा बॉल) आणि चेंजअप (फसवा हळू बॉल) यांवरच काम चालवलं आणि सहा इनिंग एकही हिट, म्हणजे बॅटरला बेस मिळवून देणारा फटका, दिला नाही. अजून काय पाहिजे?

जुना_हिशोब:
पेड्रो भारी आहेच हो, पण विजय २१९. वॉल्टर जॉन्सन २१ वर्षं एकट्या वॉशिंग्टनकडून खेळला, टीम बऱ्याचदा यथातथाच, तरी ४१७ विजय आणि ११० शटआउट, म्हणजे समोरच्यांना एकही रन न देता पूर्ण टाकलेल्या मॅच. सप्टेंबर १९०८ मध्ये न्यूयॉर्कला चार दिवसांत तीन वेळा शून्यावर ठेवलं, मधे फक्त रविवार म्हणून मॅच नव्हती, पोरगं तेव्हा वीस वर्षांचं! आता पिचर एकदा टाकला की चार-पाच दिवस दिसत नाही.

बोस्टनकर:
अहो पण तेव्हा एकच बॉल मळून काळा होईपर्यंत वापरायचे, होमरन मारायचा कोण? त्या काळात जॉन्सनचा ईआरए १.१४ आणि २००० साली पेड्रोचा १.७४ हे एकाच तराजूत कसं घालणार?

डावखुरी:
दोघंही एक गोष्ट सोडताय. १९४७ पर्यंत काळ्या खेळाडूंना मेजर लीगमध्ये घेतच नव्हते, म्हणजे जॉन्सनसमोर लीगमध्ये देशातले कितीतरी उत्तम बॅटर कधी आलेच नाहीत. आणि सॅचेल पेज हा काळा पिचर त्याच भिंतीबाहेर उमेदीची सगळी वर्षं टाकत राहिला. ४२व्या वर्षी, १९४८ ला, क्लीव्हलंडने घेतलं तर ६ जिंकल्या, १ हरला, आणि टीमने वर्ल्ड सिरीज मारली. विचार करा, हाच माणूस २२व्या वर्षी आला असता तर?

जुना_हिशोब:
अन्याय झाला, शंभर टक्के मान्य. पण "असता तर" वर नंबर एक कसा द्यायचा, त्याच्या निम्म्या मॅचची धड नोंदसुद्धा नाही.

डावखुरी:
नोंद ठेवली नाही तो दोष त्याचा का? ज्यांनी दार लावलं त्यांच्याच वहीतले आकडे पुरावा म्हणून दाखवताय तुम्ही. आणि नोंदच हवी तर घ्या, १९६५, कॅन्सस सिटीकडून पेज, वय ५९, तीन इनिंग, एक हिट, शून्य रन.

बोस्टनकर:
ती मॅच आमच्याच बोस्टनविरुद्ध होती, तो एकमेव हिट आमच्या यास्त्रेम्स्कीचा डबल, म्हणजे दोन बेसचा फटका. ५९व्या वर्षी हे, तर ऐन भरात काय असेल, पेजला मी जॉन्सनच्या वर ठेवतो आता. पण २००० चा पेड्रो सोडणार नाही.