'पाथवे'ला मराठीत काय म्हणावे? (प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या संदर्भात)

प्रश्न:
प्रोस्टेटच्या कर्करोगावरची एक माहितीपत्रिका रुग्णांसाठी मराठीत आणते आहे. 'सिग्नलिंग पाथवे'पाशी (पेशीत निरोप पुढे पोचवणारी व्यवस्था) अडले. 'संकेतमार्ग' लिहिले आणि पान वडिलांना वाचायला दिले. हा आजार त्यांनाही आहे. "हे औषध संकेतमार्ग बंद करते" एवढे वाचून ते म्हणाले, "म्हणजे लघवी तुंबणार?" त्यांचे काय चुकले? या आजारात मार्ग म्हणजे आधी मूत्रमार्गच. दुसरा शब्द सुचवा. 'कॅस्ट्रेशन-रेझिस्टंट'साठीही (पुरुषी हार्मोन तोडूनही वाढत राहणारा कर्करोग) हवा आहे. 'खच्चीकरण-रोधी' लिहायला हात धजत नाही.

प्रतिसाद १:
ताई, वडिलांनी नेमकी मेख पकडली. 'मार्ग' म्हटले की त्यातून काहीतरी वाहत जाते असे वाटते. पेशीत निरोप हातोहात पुढे जातो. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) प्रोस्टेटच्या पेशीत शिरते, तिथे ५-अल्फा रिडक्टेज हे विकर (एन्झाइम) त्याचे डीएचटी हे अधिक जोरकस रूप करते, ते अँड्रोजेन ग्राहीला (पुरुषी संप्रेरकाचा रिसेप्टर) चिकटते, ग्राही केंद्रकात जाऊन डीएनएवर बसतो आणि वाढीची जनुके चालू होतात. (पीएसए या प्रोस्टेटच्या प्रथिनाचे जनुकही याच निरोपावर चालते, म्हणून उपचार लागू पडतो आहे का ते पाहायला डॉक्टर पीएसए तपासत राहतात.) मी 'संदेशसाखळी' म्हणेन. साखळीला कड्या असतात, आणि कोणते औषध कोणती कडी तोडते ते सांगता येते. अ‍ॅबिराटेरोन संप्रेरक बनवणारे विकर अडवते, एन्झाल्युटामाइड थेट ग्राहीला.

प्रतिसाद २:
साखळी पटली. पण एकच सरळ साखळी आहे असे वाटू देऊ नका. पीटेन हे जनुक निकामी झाले की पीआय३के-एकेटी ही दुसरी साखळी मोकाट सुटते. शिवाय या दोघी एकमेकींना दाबून असतात. एक अडवली की दुसरी जोर धरते. एकीला साखळी म्हणा, सगळ्यांना मिळून जाळे.

प्रश्नकर्ती:
साखळी घेतली. आणि 'कॅस्ट्रेशन'चे काय?

प्रतिसाद १:
तो शब्द जुन्या शस्त्रक्रियेतून आला. १९४१ साली शिकागोत चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवून दिले की वृषणे काढली तर पसरलेला प्रोस्टेट कर्करोगही ओसरतो. हगिन्स यांना १९६६ मध्ये नोबेल मिळाले. आज हे काम बहुतेकदा इंजेक्शनने होते, शब्द मात्र राहिला. टेस्टोस्टेरॉन डेसिलिटरमागे ५० नॅनोग्रॅमच्या खाली गेले की 'कॅस्ट्रेट' पातळी म्हणतात.

मराठीत 'खच्चीकरण' आता मनोधैर्याचे होते. आजारी माणसाच्या हातात तो शब्द देऊच नये. 'निर्बीजीकरण' म्हटले की नसबंदी आठवते. पण सगळ्यात घातक आहे 'संप्रेरक-निरपेक्ष'. दिसायला सभ्य, अर्थाने खोटा. या पेशींनी संप्रेरकाची साखळी बहुधा सोडलेलीच नसते. काही पेशी ग्राहीच्या जादा प्रती काढतात, काही स्वतःच संप्रेरक बनवू लागतात, काहींत एआर-व्ही७ नावाचा तोकडा ग्राही तयार होतो. त्याला संप्रेरक चिकटायची जागाच नसते, तरी तो चालूच राहतो. अमेरिकेत २०११ मध्ये अ‍ॅबिराटेरोनला आणि २०१२ मध्ये एन्झाल्युटामाइडला पहिली मान्यता मिळाली ती याच टप्प्यातल्या रुग्णांसाठी. 'निरपेक्ष' वाचलेला रुग्ण विचारेल, मग पुन्हा संप्रेरकाविरुद्धचेच औषध कशाला? आणि त्याचा प्रश्न रास्त असेल.

माझी सूचना: 'संप्रेरकाची रसद तोडूनही दाद न देणारा कर्करोग'. लांब आहे, पण "औषधाला दाद देत नाही" हे आपल्या घराघरात बोलले जाते.

प्रतिसाद ३:
'टार्गेटेड' उपचारांना 'लक्ष्यवेधी' म्हणणार असाल तर छपाईत 'य' जपा. तो गळला की विधानसभेतली 'लक्षवेधी' होते. 'प्रोस्टेट' तसाच ठेवा. विश्वकोशातला 'अष्ठीला ग्रंथी' मला फार आवडतो, पण दवाखान्यात तो कोणाच्या तोंडी नाही.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे आभार. वाक्य बदलले: "हे औषध पेशीला वाढीचा निरोप देणारी साखळी तोडते." वडिलांनी दोनदा वाचले आणि विचारले, "माझ्या गोळीने कोणती कडी तुटते?" त्या पानावर आता कड्यांची आकृती काढते आहे.