मदत हवी आहे: मॅक्सिलाची बाजू प्रत्येक वेळी उलटीच का येते?

अडलेला_प्रथमवर्ष:
नमस्कार. परवा माझी हाडांची तोंडी परीक्षा आहे आणि मॅक्सिलाची, म्हणजे वरच्या जबड्याच्या हाडाची, बाजू मला ओळखता येत नाही. येत नाही म्हणजे कधी बरोबर, कधी चूक असे नव्हे. मी उजवी म्हटली की ती डावी निघते आणि डावी म्हटली की उजवी. आज वर्गात पाच वेळा हाड हातात दिले गेले आणि पाचही वेळा उत्तर उलटे आले. "नाणे उडवले असते तरी एखादे बरोबर आले असते," असे सर म्हणाले आणि सगळे हसले. चार प्रोसेस (हाडातून बाहेर आलेले भाग) आणि चार पृष्ठभाग मला तोंडपाठ आहेत, त्यामुळे कृपया तेच पुन्हा लिहू नये. दुसरी अडचण अशी की ग्रेटर पॅलेटाइन फोरॅमेन, म्हणजे टाळूच्या मागच्या भागातले छिद्र, माझ्याकडच्या हाडात नाहीच. हाडच सदोष असू शकते का? उत्तर लवकर मिळाले तर उपकार होतील.

हाडवेडी:
आपण नेमके काय हातात धरून बोलत आहात, हे कळल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. हाड सुटे आहे की अख्ख्या कवटीत बसलेले? खरे की प्लास्टिकचे? दात आहेत का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हाड हातात घेतल्यावर त्याची कोणती बाजू आपण पुढे करता?

मेणकाम:
पाठांतराने हे साधणारच नाही. मेणाचा ठोकळा घ्या आणि त्यातून मॅक्सिला स्वतः कोरा. माझ्या हाताने तीन कोरून झाल्या तेव्हा कुठे मला ते हाड कळले. पिरॅमिड म्हटले की पाया खाली आणि टोक वर असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते, पण मॅक्सिलाच्या बॉडीचा, म्हणजे मधल्या मुख्य भागाचा, पिरॅमिड आडवा पडलेला आहे. त्याचा पाया नाकाकडे असतो आणि टोक गालाच्या हाडाकडे, म्हणजे झायगोमॅटिक प्रोसेसमध्ये शिरते. एवढे हाताला कळले की बाजू आपोआप कळते.

हाडवेडी:
परवा परीक्षा आहे, हे आपण वाचले असावे. दोन दिवसांत तीन मॅक्सिला कोरून होणार नाहीत.

दंतवैद्य_जुने:
प्रश्न पाहून आनंद झाला, कारण या हाडाची खरी किंमत पुढे रुग्णाच्या तोंडात सुई घालताना कळते. मॅक्सिलाच्या मागच्या फुगीर भागावर, म्हणजे ट्युबरॉसिटीच्या वरच्या अंगाला, दोन-तीन बारीक छिद्रे दिसतात. त्यांतून पोस्टीरियर सुपीरियर ॲल्व्हिओलर नसा (मज्जातंतू) आत शिरतात आणि दाढांपर्यंत जातात. तिथे भूल देताना सुई गरजेपेक्षा खोल गेली तर टेरिगॉइड प्लेक्सस या शिरांच्या जाळ्याला इजा होते आणि बघता बघता गाल फुगतो. म्हणून सुई किती खोल घालायची, हे हाड हातात असतानाच शिकून घ्यावे.

उपदाढ:
हे सर्व खरे असले तरी पहिल्या दाढेसाठी तेवढे पुरत नाही, हे सांगायला आपण विसरलात. तिच्या पुढच्या गालाकडच्या मुळाला बऱ्याचदा मिडल सुपीरियर ॲल्व्हिओलर नस पुरवठा करते, आणि ही नस अनेकांमध्ये नसतेच. शिवाय झायगोमॅटिक प्रोसेसचे मूळ नेमके त्याच दाढेच्या वर असल्यामुळे तिथले हाड जाड असते आणि औषध आत झिरपायला वेळ लागतो. वरच्या जबड्यात एरवी साधे इन्फिल्ट्रेशन, म्हणजे दाताशेजारी औषध टोचून ते हाडात झिरपू देणे, पुरते, ते बाहेरचा पापुद्रा पातळ आणि सच्छिद्र असल्यामुळे.

दंतवैद्य_जुने:
विसरलो नाही. माझ्या अनुभवात त्या मुळाने क्वचितच त्रास दिला आहे.

अडलेला_प्रथमवर्ष:
मला सध्या कोणालाही भूल द्यायची नाही, हाड ओळखायचे आहे. हाडवेडी यांच्या प्रश्नांची उत्तरे देतो. हाड सुटे आहे आणि खरे आहे. दात नाहीत. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मी ते स्वतःच्या चेहऱ्यावर बसवल्यासारखे धरतो, म्हणजे पुढची बाजू माझ्यापासून दूर. दातांची कड खाली, डोळ्याची खोबण समोर, आणि फ्रंटल प्रोसेस नाकाशेजारी असते म्हणून ती ज्या बाजूला येईल त्या बाजूला नाक धरतो. यात काय चुकले?

हाडवेडी:
"डोळ्याची खोबण समोर" असे आपण म्हणता, ती खोबण हाडावर कशी दिसते? तिला भोक आहे का?

अडलेला_प्रथमवर्ष:
अर्थातच. अंगठा आत जाईल एवढे मोठे भोक आहे, कडा वेड्यावाकड्या आणि आत पोकळी. हे उघडच आहे, म्हणून लिहिले नव्हते.

हाडवेडी:
मग सगळा घोटाळा त्या भोकातच आहे. ती डोळ्याची खोबण नव्हे. तो मॅक्सिलरी हायेटस आहे, म्हणजे मॅक्सिलरी सायनसचे (हाडाच्या आतल्या हवेच्या पोकळीचे) तोंड, आणि ते नाकाच्या बाजूला उघडते, समोर नव्हे. अख्ख्या कवटीत ते इतके मोठे दिसत नाही, कारण एथमॉइड, लॅक्रिमल, पॅलेटाइन आणि इन्फीरियर नेझल कॉंका ही हाडे चहूबाजूंनी येऊन ते बरेचसे झाकून टाकतात. सुट्या हाडात ही शेजारची मंडळी नसल्यामुळे ते भगदाडासारखे दिसते.

उत्तर प्रत्येक वेळी उलटेच का येते, हेही आता सांगता येईल. समजा, आपल्या हातात उजवी मॅक्सिला आहे. तिचा हायेटस डावीकडे, म्हणजे नाकाकडे हवा. आपण तो डोळा समजून समोर फिरवता, त्यामुळे अख्खे हाड पाव वळसा फिरते आणि जी फ्रंटल प्रोसेस पुढे असायला हवी ती आपल्या उजव्या हाताला येते. मग आपण म्हणता की नाक उजवीकडे आहे, म्हणून हाड डावे. डाव्या हाडाच्या बाबतीत हेच उलट घडते. आपला तर्क शुद्ध आहे, सुरुवात मात्र चुकीच्या भोकापासून होते.

डोळ्याचा मॅक्सिलावरचा भाग म्हणजे केवळ तळ असतो: वरच्या अंगाला असलेला गुळगुळीत, जवळजवळ सपाट त्रिकोण. त्यावरून मागून पुढे एक खाच जाते, पुढे ती हाडाच्या आत शिरते आणि समोरच्या पृष्ठभागावर इन्फ्राऑर्बिटल फोरॅमेन म्हणून बाहेर पडते. हाड खरे आहे म्हणता, तर ते दिव्यासमोर धरून पाहा. तो त्रिकोण इतका पातळ असतो की त्यातून उजेड दिसू शकतो.

उपदाढ:
ग्रेटर पॅलेटाइन फोरॅमेनचे उत्तर राहिले. हाड सदोष नाही. टाळूचा पुढचा सुमारे तीन चतुर्थांश भाग मॅक्सिलाच्या पॅलेटाइन प्रोसेसचा असतो आणि मागचा पॅलेटाइन या वेगळ्या हाडाचा. ते छिद्र या दोन हाडांच्या सांध्यापाशी तयार होत असल्यामुळे सुट्या मॅक्सिलात ते पूर्ण दिसत नाही. हायेटसच्या मागे तिरकी, खाली आणि पुढे उतरणारी एक खाच शोधा. पॅलेटाइन हाड तिच्यावर बसले की तिचा कालवा होतो.

मेणकाम:
माझ्या माहितीप्रमाणे मॅक्सिलाचा वाटा दोन तृतीयांश असतो.

उपदाढ:
पुस्तकांमध्ये दोन्ही आकडे आढळतात. परीक्षक ज्या पुस्तकातून विचारतात ते पुस्तक धरावे.

जुनी_पाने:
टाळूचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. कोवळ्या हाडात पटाशीच्या दातांमागच्या इन्सायझिव्ह फोरॅमेनपासून सुळ्याच्या अलीकडे जाणारी एक पुसट रेघ दिसते. तिच्या पुढचा तुकडा म्हणजे प्रीमॅक्सिला. माणसाला हे हाड नसते, असे अनेक जण मानत असत. कवी म्हणून प्रसिद्ध असलेल्या ग्योएटे यांनी 1784 मध्ये माणसाच्या कवटीत त्याच्या खुणा दाखवल्या.

हाडवेडी:
माहिती रंजक आहे, परंतु बाजू ओळखायला तिचा उपयोग नाही. मूळ प्रश्नकर्त्याला आणखी एक विचारते: "दात नाहीत" म्हणजे दातांच्या जागी खड्डे आहेत की कड गुळगुळीत आहे?

अडलेला_प्रथमवर्ष:
दोन हाडांत खड्डे आहेत. वर्गात ज्यावर सर्वांत जास्त हसू झाले, त्या हाडाची कड मात्र गुळगुळीत आणि अरुंद आहे, त्यामुळे दातांची बाजू कोणती, हेच मला आधी कळले नव्हते.

हाडवेडी:
खड्डे असतील तर दात मृत्यूनंतर गळून पडले असावेत. कड भरून आलेली असेल तर ते जिवंतपणीच गेले होते आणि त्यानंतर ॲल्व्हिओलर प्रोसेस, म्हणजे दात बसतात ती कड, झिजली. वरच्या जबड्यात ही झीज वर आणि आत सरकते, त्यामुळे झायगोमॅटिक प्रोसेस कडेच्या फार जवळ आल्यासारखी वाटते. अशा हाडात कडेवर विसंबू नका. पॅलेटाइन प्रोसेसचा आडवा पत्रा शोधा. तो खाली असतो आणि नाकाच्या बाजूला वळतो.

खड्डे असलेल्या हाडात सर्वांत खोल खड्डा सुळ्याचा असतो आणि दाढांचे खड्डे रुंद, बहुधा तीन कप्प्यांचे असतात. सुळा पुढे, दाढा मागे. हायेटस आत, सुळा पुढे, पत्रा खाली एवढ्या तीन गोष्टी जुळल्या की हाड दुसऱ्या बाजूचे असूच शकत नाही.

अडलेला_प्रथमवर्ष:
संध्याकाळी परत जाऊन पाहिले. चार हाडे बरोबर ओळखली, गुळगुळीत कडेचेही त्यांत आहे. त्रिकोणातून उजेड खरोखरच दिसला, नखाएवढा, तांबूस. पाचव्या हाडाची फ्रंटल प्रोसेस तुटलेली आहे, कडही मोडली आहे आणि पत्रा अर्धाच उरला आहे. हायेटस आत धरला, तरी पुढची बाजू कोणती हे ठरत नाही. परीक्षेत नेमके हेच हाड येईल अशी भीती वाटते.

उपदाढ:
हायेटसच्या दोन्ही बाजूंना पाहा. एका बाजूला सरळ उतरणारी गुळगुळीत खाच दिसेल. ती अश्रूंच्या नळीची, ती पुढे. दुसऱ्या बाजूचा पृष्ठभाग खरबरीत असेल, पॅलेटाइन हाड चिकटते ते मागे.

अडलेला_प्रथमवर्ष:
खाच सापडली. हाड डावे आहे. उद्या सकाळी सरांना दाखवतो.

दंतवैद्य_जुने:
दाखवाच. आणि हाड उलटे करून ती मागची बारीक छिद्रेही मोजून ठेवा.