सल्ला हवा: 'जीव्ज अँड वूस्टर'चा पहिला भाग गटाने पुन्हा बघायचाय. आधी काय वाचावं, कुठे लक्ष ठेवावं?

नदीकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या महिन्यात पी. जी. वुडहाउस हा इंग्रज विनोदी लेखक आहे. वाचन झालं की त्याच संध्याकाळी ग्रॅनाडा या ब्रिटिश टीव्ही कंपनीने त्याच्या गोष्टींवर केलेल्या 'जीव्ज अँड वूस्टर' (श्रीमंत, भाबडा बर्टी वूस्टर आणि त्याचा हुशार नोकर जीव्ज) या मालिकेचा पहिला भाग सगळ्यांनी मिळून बघायचं ठरतंय. दहा-बारा माणसं, ४३ इंची टीव्ही. निम्म्यांनी मालिका जुन्या काळी पाहिली आहे, निम्म्यांनी फक्त पुस्तकं वाचली आहेत. भागाआधी नेमकं काय वाचावं? डीव्हीडी घेताना काय बघावं? आणि ज्यांनी भाग आधी पाहिलाय त्यांनी या वेळी कशावर डोळा ठेवावा? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

पाणपोई

आधी भागाची ओळख पक्की करून घ्या, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. हा भाग कुठे 'जीव्ज अरायव्हल' या नावाने दिसतो, तर कुठे 'इन कोर्ट आफ्टर द बोट रेस' या नावाने. भाग एकच. नावावर जाऊ नका. पहिलं पर्व, पहिला भाग, आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर पहिलं प्रसारण २२ एप्रिल १९९०, एवढं जुळवा. पुढच्या भागांनाही अशीच दोन-दोन नावं आहेत. एकूण चार पर्वं, २३ भाग, शेवटचा जून १९९३ मध्ये. सगळ्या २३ भागांची पटकथा क्लाइव्ह एक्स्टन या एकाच माणसाची आहे. मालिकेचा सूर शेवटपर्यंत फारसा ढळत नाही त्याचं श्रेय मी त्याला देईन.

अत्तरदाणी

वाचनाबद्दल लिहिते. या भागात वुडहाउसच्या गोष्टी जोडून घेतल्या आहेत आणि त्या दोन वेगळ्या पुस्तकांत आहेत.

सुरुवात, म्हणजे जीव्जचं दारात उभं राहणं आणि बर्टीची रात्रीची दारू उतरवणारं ते औषधी पेय, 'जीव्ज टेक्स चार्ज' या गोष्टीतून आली आहे. गोष्ट १९१६ ची, 'कॅरी ऑन, जीव्ज' या संग्रहात मिळेल. फक्त पहिली काही पानं वाचा आणि जीव्ज कामावर रुजू झाला की थांबा. ज्यांनी गोष्ट पूर्ण वाचलेली असते ते बर्टीची वाग्दत्त वधू फ्लॉरेन्स क्रे आणि विलोबीकाकांच्या आठवणींचं हस्तलिखित कधी येतंय याची वाट बघत बसतात. या भागात ते येतच नाही.

उरलेला भाग 'द इनिमिटेबल जीव्ज' या १९२३ च्या पुस्तकातल्या पाचव्या ते आठव्या प्रकरणांवर उभा आहे. पाच आणि सहा मिळून ऑस्वाल्डला पुलावरून ढकलण्याचा प्रसंग, सात आणि आठ मिळून सर रॉडरिक ग्लॉसपचं जेवण. तुमच्याकडे एकत्रित मोठा खंड असेल तर प्रकरणांची ही विभागणी सापडणार नाही. तिथे पाच-सहाची मिळून 'स्कोअरिंग ऑफ जीव्ज' ही एक गोष्ट आणि सात-आठची 'सर रॉडरिक कम्स टु लंच' ही दुसरी. मजकूर जवळपास तोच.

वेळ कमी असेल तर पाच-सहा सगळ्यांना घरून वाचून यायला सांगा आणि सात-आठ कट्ट्यावर मोठ्याने वाचा. पाऊण तास धरा. घाईने वाचलं तर वाक्याच्या शेपटीत दडलेली गंमत हातची जाते.

आधी वाचण्याचा आग्रह एवढ्यासाठी की पुस्तकात सगळं बर्टीच सांगतो. आपण हसतो ते घटनेला जेवढे, त्याहून जास्त त्याच्या सांगण्याला. एक्स्टनने पडद्यावर बर्टीचं निवेदन ठेवलंच नाही. पार्श्वभूमीला त्याचा आवाज नाही, कॅमेऱ्याकडे बघून बोलणंही नाही. ते सगळं ओझं बर्टी झालेल्या ह्यू लॉरीच्या चेहऱ्यावर आलं. कानात गोष्टीतली वाक्यं ताजी असतील तर तो चेहरा काय करतोय हे कळतं. नाहीतर लॉरी नुसते डोळे वटारतोय असं वाटून माणसं वीस मिनिटांत कंटाळतात.

नदीकाठ

अत्तरदाणीताई, फार उपयोगी. गोष्टी जालावर फुकट मिळतात त्या कट्ट्याच्या गटात पाठवल्या तर चालतील का?

पाणपोई

नको. अमेरिकेत इतकी जुनी पुस्तकं हक्कमुक्त झाली आहेत म्हणून तिकडच्या संकेतस्थळांवर ती दिसतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. वुडहाउस १९७५ च्या फेब्रुवारीत गेले, म्हणजे इथे २०३५ संपेपर्यंत हक्क आहे. 'द इनिमिटेबल जीव्ज' आणि 'कॅरी ऑन, जीव्ज' दोन्ही कागदी आवृत्तीत सहज मिळतात. दोन प्रती आणून फिरवा. भाग घरी बघताय तेही ठीक; सभागृह घेऊन तिकीट लावायचं ठरलं तर मात्र परवानगी लागेल.

तारयंत्र

डीव्हीडी आणि टीव्हीबद्दल.

डीव्हीडीवर विभाग क्रमांक असतो. ब्रिटनची आवृत्ती विभाग २, अमेरिकेची विभाग १, भारत विभाग ५. आपल्याकडचे बरेच प्लेअर सगळे विभाग चालवतात, पण विकत घेण्याआधी मित्राकडची एखादी परदेशी तबकडी लावून खात्री करा. लॅपटॉपच्या ड्राइव्हवर विभाग बदलता येतो, पण फक्त पाच वेळा. पाचव्यांदा जो निवडाल तो कायमचा. व्हीएलसी प्लेअर पुष्कळदा हा अडथळा न बदलता ओलांडतो, म्हणून आधी तो वापरून बघा. निवड असेल तर ब्रिटिश आवृत्ती घ्या. चित्रीकरण तिकडच्या सेकंदाला २५ चौकटींच्या पद्धतीचं आहे आणि आपली टीव्ही पद्धतही तीच. अमेरिकन आवृत्तीत त्याचं रूपांतर झालेलं असतं आणि कॅमेरा आडवा फिरताना चित्र किंचित अडखळतं.

उपशीर्षकं आहेत का हे वेष्टनावर वाचून घ्या, गृहीत धरू नका. जालावरच्या आपोआप तयार होणाऱ्या उपशीर्षकांच्या नादी लागू नका. फिंक-नॉटल, फॉदरिंगे-फिप्स असली नावं त्यांना पेलत नाहीत.

आता चित्र. मालिका ४:३ मापाची आहे. ४३ इंची पडद्यावर योग्य चित्र साधारण ७१ सेंमी रुंद दिसेल आणि दोन्ही बाजूंना १२-१२ सेंमी काळे पट्टे राहतील. ते राहू द्या. कुणीतरी हमखास रिमोट घेऊन चित्र ताणतो. मग माणसं एक तृतीयांशाने रुंद होतात आणि उंच, सडपातळ लॉरी बुटबैंगण दिसायला लागतो. 'झूम' केलं तर वरून-खालून मिळून पाव चित्र कापलं जातं, टोप्या आणि कपाळं गायब. सेटिंगमध्ये 'मूळ' किंवा '४:३' निवडा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, तिच्यामुळे सगळं ताज्या बातम्यांसारखं दिसतं. आवाजात 'संवाद' किंवा 'व्हॉइस' हा पर्याय लावा, कारण जीव्ज झालेला स्टीफन फ्राय फार हळू बोलतो आणि ॲन डडलीचं संगीत त्यावर चढतं. दहा-बारा जण असतील तर शेवटची खुर्ची तीन मीटरच्या आत हवी.

मोरपीस

आधी पाहिलेल्यांनी काय बघावं, याचं माझं उत्तर एका शब्दात: फ्राय. पहिल्यांदा बघताना सगळ्यांची नजर लॉरीवर असते. या वेळी जिथे लॉरी बोलतोय आणि फ्राय मागे उभा आहे तिथे मागे बघा. तो जवळजवळ काही करत नाही. भुवई एक-दोन वेळाच हलते, तीही पापणीएवढी. ते पेय दिल्यानंतरचा क्षण घ्या. बर्टी पेला तोंडाला लावतो, मग काहीच नाही, मग एकदम त्याचं सगळं अंग जागं होतं. लॉरीचा तो थांबा केवढा आहे ते बघा आणि त्या वेळात जीव्ज कसा उभा आहे तेही. त्याला निकाल आधीच माहीत आहे, म्हणून तो बर्टीकडे उत्सुकतेने बघत नाही. दोघांचं नातं तिथे पक्कं होतं. या दोघांची जोडी केंब्रिजच्या फूटलाइट्स या विद्यार्थी नाट्यमंडळापासूनची, त्यामुळे एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने वाट बघायची हा ताल त्यांना नव्याने बसवावा लागला नाही.

आणखी एक. भाग बोट रेसच्या रात्रीनंतर सुरू होतो. ही ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांची टेम्स नदीतली होड्यांची शर्यत, पटनी ते मॉर्टलेक, जवळपास ६.८ किमी. त्या रात्री धिंगाणा घालायचा आणि पोलिसाचं हेल्मेट पळवायचं ही बर्टीच्या मित्रमंडळींची रीत. पुस्तकंच वाचलेल्यांना हे ठाऊक असेल, पण लॉरी स्वतः १९८० च्या बोट रेसमध्ये केंब्रिजच्या होडीत वल्ह्यावर होता हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. केंब्रिज त्या वर्षी अगदी थोडक्यात हरलं. त्याचे वडील १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये वल्हवण्याचं सुवर्णपदक मिळवलेले. कोर्टात मान खाली घालून उभा असलेला तो पोरगेलासा बर्टी बघताना हे लक्षात असलं तर वेगळीच मजा येते.

अत्तरदाणी

मोरपीस यांच्याशी सहमत, पण मी उत्तरार्धावर जास्त भर देईन. पुलाचा प्रसंग सरळ आहे. मित्र बिंगोला होनोरियासमोर शूर ठरता यावं म्हणून बर्टी तिच्या लहान भावाला, ऑस्वाल्डला, पाण्यात ढकलतो, उडी मारायला बिंगो जागेवर नसतो, म्हणून बर्टी स्वतः उडी मारतो आणि होनोरिया त्यालाच प्रेमवीर समजते. तिथे हसू येतं आणि संपतं. जेवणाचा प्रसंग मात्र फार कसून रचलेला आहे. सर रॉडरिक होनोरियाचा बाप आणि मनोविकारांचा डॉक्टर. बर्टी भ्रमिष्ट तर नाही ना हे तपासायलाच आलाय. त्याला मांजरांचा तिटकारा. क्लॉड आणि यूस्टेस या जुळ्या चुलतभावांनी ऑक्सफर्डच्या एका क्लबात शिरण्यासाठी चोरलेला माल, मांजरं आणि मासा धरून, नेमका बर्टीच्या घरात ठेवलेला. एकेक गोष्ट आपापल्या कारणाने तिथे आलेली आणि सगळ्या एका खोलीत एकत्र झाल्या की बर्टी वेडाच ठरतो. कट्ट्यावर हा प्रश्न जरूर टाका: यातलं जीव्जने घडवलं किती आणि नुसतं घडू दिलं किती? होनोरियाने लग्नानंतर जीव्जला काढायचं ठरवलंय, म्हणजे त्याला कारण भक्कम आहे. पुस्तक यावर एक गोष्ट सुचवतं, पडदा थोडी वेगळी. वाद रंगेल.

फुलपात्र

ते पेय कट्ट्यावर करून द्यावं असं डोक्यात असेल तर थांबा. गोष्टीत जीव्ज तीन जिन्नस सांगतो: वूस्टर सॉस, कच्चं अंडं, लाल मिरपूड. कच्च्या अंड्यातून साल्मोनेलाची बाधा होऊ शकते, वयस्कर मंडळींना तर देऊच नका. त्याऐवजी दर माणशी १५० मिली गार टोमॅटो रस, एक चहाचा चमचा वूस्टर सॉस, दोन चिमूट लाल मिरपूड, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. सॉस शेवटी घाला आणि ढवळा, आधी घातला तर तळाशी बसतो. मूळ इंग्लिश वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो, म्हणून शाकाहारी मंडळींसाठी हिरवा ठिपका असलेली बाटलीच घ्या.

चांदणं_७

पहिल्या भागाऐवजी पहिल्या पर्वाचे चौथा-पाचवा भाग का नाही घेत? गसी फिंक-नॉटल आणि शाळेतला बक्षीस समारंभ. वुडहाउसचं शिखर आहे ते.

पाणपोई

शिखर आहे हे मान्य, पण ते दोन भागांत पसरलंय. जवळजवळ पावणेदोन तास, आणि आधी 'राइट हो, जीव्ज' ही आख्खी कादंबरी वाचायला हवी. एका संध्याकाळीत मावत नाही. पुढच्या बैठकीला घ्या.

तेव्हा एक सूचना मात्र आधीच देऊन ठेवा: या मालिकेत पात्रांचे नट बदलत राहतात. पहिल्या पर्वातला बिंगो मायकेल सिबेरी, नंतर पिप टॉरेन्स. गसी पहिल्या पर्वात रिचर्ड गार्नेट, पुढे रिचर्ड ब्रेन. डाहलियाआत्या तर चारही पर्वांत चार वेगळ्या अभिनेत्री. न सांगता दोन पर्वांतले भाग जोडून लावले तर 'ही कोण?' यातच वेळ जातो. ॲगाथाआत्या मात्र पहिल्या तीन पर्वांत मेरी विंबुशच, चौथ्यात एलिझाबेथ स्प्रिग्ज.

नदीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं: पाच-सहा घरून वाचून यायचं, साडेपाचला सात-आठचं वाचन, सव्वासहाला टोमॅटो रस, साडेसहाला भाग. पन्नास मिनिटांचा आहे ना?

तारयंत्र

हो, साधारण तेवढाच. वाचन सुरू होण्याआधीच तबकडी लावून पहिलं मिनिट चालवून बघा, ४:३ आणि उपशीर्षकं जागेवर आहेत याची खात्री करा आणि तिथेच थांबवून ठेवा. सुरुवातीची नाचरी शीर्षकं पुढे ढकलू नका, डडलीचं शीर्षकसंगीत पूर्ण ऐकण्यासारखं आहे.