जॅनिस जॉप्लिनच्या 'पर्ल'मध्ये पाचव्या गाण्यात आवाजच नाही. फाईल खराब आहे का?

भुसावळी_पोरगा:
मित्राच्या पेनड्राइव्हवरून 'पर्ल' अल्बम घेतला. इंग्रजी गाण्यांत मी नवाच आहे, पण ही बाई काय गाते राव! घसा फाडते, पण सूर सोडत नाही. अडचण अशी की पाचव्या गाण्यात (बरीड अलाइव्ह इन द ब्लूज) ती नाहीच. अडीचेक मिनिटं नुसतं वाजतं आणि संपतं. आठव्यात उलटं, नुसती बाई, वाद्य एकही नाही. इयरफोन बदलले, मोबाईल बदलला, तेच. कुणी करावके काढताना घोळ घातलाय का? चांगली कॉपी कुठे मिळेल?

धुयेकर:
भाऊ, फाईल चांगलीच शे. परत डाऊनलोड करू नको. बाकीनं अमळनेरवाले दादा सांगतीन.

रेकॉर्डिस्ट_अमळनेर:
बोलावलंच आहे तर सांगतो.

मी अहिराणी गाणी रेकॉर्ड करतो. आमच्याकडे आधी ट्रॅक टाकतात, मग गायक येऊन आवाज डब करतो. लग्नसराईच्या आधी तर हार्डडिस्कवर असे बिनआवाजाचे ट्रॅक पडूनच असतात. ढोल झाला, कीबोर्ड झाला, गायक कुठल्यातरी हळदीच्या कार्यक्रमात अडकलाय. तुझं पाचवं गाणं तसंच आहे. फरक एवढाच की यातली गायिका आलीच नाही.

३ ऑक्टोबर १९७०, शनिवार. लॉस एंजेलिसच्या सनसेट साऊंड स्टुडिओत तिच्या बँडने, म्हणजे फुल टिल्ट बूगीने, तो ट्रॅक टाकला. तिने येऊन तो ऐकलाही. आवाज रविवारी द्यायचा ठरलं. रविवारी ती वेळेवर येईना, म्हणून निर्माता पॉल रॉथचाइल्डच्या मनात पाल चुकचुकली. शेवटी तिचा रोड मॅनेजर हॉटेलवर गेला, तर ती खोलीत मरून पडलेली. हेरॉईनचा डोस जास्त झाला. वय २७. गिटारवाला जिमी हेंड्रिक्स, त्याला जाऊन तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते.

आता बघ, आमच्या धंद्यात असं झालं तर पार्टी काय म्हणेल? "दुसरी पोरगी बोलवा, ट्रॅकचे पैसे वाया कशाला घालवता?" आणि हल्ली तर पोरगीही लागत नाही, सॉफ्टवेअर मेलेल्याचा आवाज काढून देतं. रॉथचाइल्डने तसलं काही केलं नाही. ट्रॅक जसा होता तसा रेकॉर्डच्या (तबकडीच्या) पहिल्या बाजूच्या शेवटी ठेवला आणि अल्बम ११ जानेवारी १९७१ ला बाजारात आला. माझ्या मते अख्ख्या अल्बममधला हा सगळ्यात धाडसी निर्णय. ऐकताना एक गोष्ट बघ: पियानो आणि ऑर्गन दोन्ही आहेत, गिटार आहे, पण कुणीच स्वतःची हुशारी दाखवायला वाजवत नाहीये. बाई उद्या येणार आहे या हिशोबाने वाजवलंय सगळं.

आठव्याचं वेगळं. मर्सिडीज बेंझ तिने गुरुवारी, १ ऑक्टोबरला, एका टेकमध्ये म्हटलं. सुरुवातीला गंभीर आवाज काढून सांगते की हे मोठ्या सामाजिक आणि राजकीय महत्त्वाचं गाणं आहे. मग देवाकडे गाडी मागते, कलर टीव्ही मागते, आणि शेवटी "झालं!" म्हणून खिदळते. बिनवाद्याचं गाणं रेकॉर्ड करणं म्हणजे काय ते आम्हाला विचार. वैशाखात आम्ही टेक घेताना कूलर बंद करतो, गायक घामाने निथळतो, तरी माईकमध्ये गल्लीतला भोंगा येतोच. आणि वाद्यं नसली की जरा कुठे सूर हलला तर झाकायला काही नसतं. तिला झाकायचंच नव्हतं.

आसोद्याची_लेक:
दादा, वाचताना बहिणाबाई आठवल्या. त्या ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या आणि 'बहिणाबाईंची गाणी' १९५२ मध्ये छापून आली, तीही सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना वही दाखवली म्हणून. आपल्या खान्देशाला हे नवीन नाही. गाणारी गेल्यावरच लोकांना कळतं.

रेकॉर्डिस्ट_अमळनेर:
ताई, बहिणाबाईंचं नाव आलं की मी हात जोडतो, पण इथे जुळत नाही. बहिणाबाईंना जगापुढे यायचंच नव्हतं. घरोट (जातं) ओढताना, शेतात काम करताना म्हणायच्या, दुसऱ्यांनी लिहून घेतलं. शिवाय गाणी पुरी होती. जॅनिस १९६७ च्या माँटेरे महोत्सवापासून गाजत होती आणि हा अल्बम ती स्वतः उभी राहून करत होती. लोकांना ती आधीच कळली होती.

"मेली म्हणून खपला" असंही काही जण म्हणतात. अल्बम अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या नंबरवर होता, त्यातलं बॉबी मॅगीचं गाणं मार्च १९७१ मध्ये पहिलं आलं, त्यामुळे म्हणायला सोपं आहे. पण तिचाच १९६९ चा कॉझमिक ब्लूजवाला अल्बम आधी ऐका. आवाज तोच, पण मागे ब्रासचा (ट्रम्पेट वगैरे पितळी वाद्यांचा) एवढा गलका की बाई त्याच्याशी भांडत गाते. 'पर्ल'मध्ये भांडण नाही. ती हळू झाली की बँड हळू होतो. हे एका दिवसात जमत नाही. आणि भुसावळच्या पोरा, हे खास तुझ्यासाठी: १९७० च्या उन्हाळ्यात ही मंडळी कॅनडात रेल्वेने दौरा करत होती. 'ग्रेटफुल डेड', 'द बँड' असे दुसरे बँडही, सगळे एकाच गाडीत. डब्यात रात्रंदिवस वाजवणं आणि पिणं. बँड अशानेच जमतो, तालमीच्या खोलीत नाही.

आसोद्याची_लेक:
पुरी-अपुरीचा मुद्दा मान्य. "लोकांना कळली होती" हा नाही. नाव होणं वेगळं. तिने त्याच ऑगस्टमध्ये बेसी स्मिथच्या कबरीवर दगड बसवायला पैसे दिले. बेसी १९३७ मध्ये गेली, ब्लूजची सम्राज्ञी म्हणायचे, आणि तेहतीस वर्षं कबरीवर नाव नाही! नाव झालेल्या बाईचं काय होतं हे जॅनिसला तुमच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

रेकॉर्डिस्ट_अमळनेर:
हे मात्र खरं. पुढे बोलत नाही.

भुसावळी_पोरगा:
दादा, ताई, भारी. रात्री पुन्हा ऐकतो. एक विचारू? पाचव्या ट्रॅकवर मी माझा आवाज टाकला तर? शब्द नेटवर मिळाले.

रेकॉर्डिस्ट_अमळनेर:
घरी खुशाल गा. यूट्यूबवर टाकू नको, संध्याकाळपर्यंत कॉपीराईटचा दणका येईल. आणि तिच्या पट्टीत जाऊ नको, आठवडाभर घसा धरून बसशील.

धुयेकर:
आनि गावानं आधी शेजारीसले सांगी ठेव भाऊ.