कामिगिन बेटावर ४ दिवस: किनारे काळ्या वाळूचे आहेत, मग समुद्रासाठी जाण्यात अर्थ आहे का?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी, एप्रिलमध्ये मी, नवरा आणि सासूबाई असे तिघं फिलिपिन्सला जायचं म्हणतोय. २०२५ पासून आपल्याला १४ दिवस व्हिसाशिवाय जाता येतं त्यामुळे बेत एकदम सोपा झाला. सगळे बोराकायला जा म्हणतात पण आम्हाला ती हॉटेलांची रांग आणि रात्री उशिरापर्यंतची गाणी नकोच आहेत, शोधता शोधता कामिगिन सापडलं, मिंदानाओ या मोठ्या बेटाच्या उत्तरेला छोटंसं ज्वालामुखीचं बेट, नकाशात बघितलं तर सगळ्या बेटाला वळसा घालणारा एकच मुख्य रस्ता आणि मधे नुसते हिरवे डोंगर, मी तिथेच हरखले.

पण आता वाचतेय की बेटाचे किनारे काळ्या वाळूचे आणि गोट्यांचे आहेत, पांढरी वाळू फक्त समोरच्या एका दांड्यावर, म्हणजे समुद्रात वर आलेल्या वाळूच्या पट्ट्यावर. मग समुद्रासाठी एवढ्या लांब जायचं का? दुसरं म्हणजे तिथला ज्वालामुखी जिवंत आहे हे कळल्यापासून सासूबाई रोज विचारतायत. त्यांचे गुडघे दुखतात, पोहता येत नाही आणि त्या पक्क्या शाकाहारी. कुणी गेलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

खारावारा

ताई, जा. मी दोनदा जाऊन आलोय आणि तिसऱ्यांदा जायची इच्छा आहे म्हणून मनापासून सांगतो.

आधी वाळूचं. काळी वाळू म्हणजे तो डोंगरच आहे हो, लाव्हाचा दगड लाटांनी दळून दळून झालेला चुरा. पांढरी वाळू म्हणजे प्रवाळ आणि शिंपल्यांचा चुरा, ती समुद्राने केलेली. कामिगिनला या दोन्ही एकमेकींपासून होडीने दहाएक मिनिटांवर बघायला मिळतात आणि मला तरी हीच तिथली सगळ्यात मोठी गंमत वाटली. काळी वाळू ओल्या तळहातावर घेऊन उन्हात धरा, पाणी सुकत आलं की एकेक कण चमकायला लागतो, काही काळे, काही राखाडी, मधेच एखादा काचेसारखा. संध्याकाळी लाट मागे गेली की ओल्या काळ्या वाळूत अख्खं आभाळ उतरतं, ते पांढऱ्या वाळूत कधीच दिसत नाही. मात्र दुपारी त्याच वाळूवर पाय अक्षरशः पोळतात आणि पाण्यात शिरताना गोटे टोचतात, रबरी तळाचे पाण्यात चालायचे बूट तिघांनाही घ्याच.

पांढरा दांडा म्हणजे व्हाइट आयलंड, होड्या यंबिंग गावाहून सुटतात. त्याच्यावर झाड नाही, सावली नाही, आणि भरती-ओहोटी, प्रवाह यांच्याप्रमाणे त्याचा आकार बदलत राहतो. पहाटे पहिल्या होडीने जा. दांड्यावर उभं राहून मागे वळलात की हिबोक-हिबोक, म्हणजे बेटावरचा तो ज्वालामुखी, पायथ्यापासून माथ्यापर्यंत समोर उभा असतो, नंतर ढग येऊन बसतात आणि माथा गुडूप होतो. मी पहिल्या खेपेला आरामात नाश्ता करून १० वाजता गेलो, डोंगर दिसला नाही आणि खांदे भाजून निघाले ते वेगळंच. आणि एक कळकळीची विनंती, वाळू, शिंपले, प्रवाळाचे तुकडे काहीही पिशवीत घालून आणू नका, तो दांडा त्याच तुकड्यांचा झालाय.

स्नॉर्कलिंगसाठी मला मांतिगे बेट जास्त आवडलं. जेमतेम ४ हेक्टरचं, मधे झाडी, भोवती पांढरी वाळू, आणि एका बाजूचं रीफ (प्रवाळाचा पट्टा) राखीव. सासूबाई झाडाखाली निवांत बसतील आणि तुम्ही पाण्यात जाऊ शकाल, व्हाइट आयलंडवर हे जमत नाही.

बेटाचा रस्ता ६४ किमीचा आहे त्यामुळे लोक एका दिवसात सगळं उरकतात, सकाळी धबधबा, मग कुंड, मग चर्च, मग समुद्रात बुडालेलं स्मशान, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं आणि फोटो. तसं करू नका, ४ दिवस पुरतील पण ५ ठेवा.

दगडफूल

वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त पोचायचं राहिलं ते सांगते. सेबूहून कामिगिनच्या मुख्य गावाला, मांबाहाओला, छोटी विमानं आहेत, ती जमत असतील तर सासूबाईंसाठी तेच बरं. नाहीतर मिंदानाओवरच्या कागायान दे ओरो शहराला उतरायचं, विमानतळ शहराच्या पश्चिमेला आणि फेरीचं बंदर बालिंगोआन हे शहरापासून पूर्वेला सुमारे ८८ किमी, म्हणजे उतरल्यावर अर्धा दिवस रस्त्यातच जातो. बालिंगोआनहून कामिगिनच्या बेनोनी बंदराला फेरी तास-सव्वा तासात पोचते. वादळाचा इशारा असला की कोस्ट गार्ड फेऱ्या थांबवतं. आमचा परतीचा एक दिवस असाच गेला आणि पुढचं विमान चुकलं, म्हणून परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा म्हणजे ठेवाच. कॅश जवळ असू द्या, एटीएम मुख्यतः मांबाहाओलाच आहेत.

तारखा बघताना पवित्र आठवडा टाळा, म्हणजे ईस्टरच्या आधीचा. तेव्हा पानाआद या धार्मिक पदयात्रेसाठी लोक अख्ख्या बेटाला पायी वळसा घालतात, बघण्यासारखं असतं ते, पण तुम्हाला शांतता हवी आहे म्हणून म्हटलं.

पाऊलवाट

खूप खूप आभार दोघांचे! ईस्टरचं डोक्यातच आलं नव्हतं, आता तारखा पुढे सरकवतो. सासूबाईंच्या ज्वालामुखीच्या प्रश्नाचं काय सांगू? आणि त्यांच्या जेवणाचं?

राखमाती

सासूबाईंना खरं ते सांगा, लपवू नका. हिबोक-हिबोक जिवंतच आहे. शेवटचा उद्रेक १९४८ ते १९५३ असा चालला आणि ४ डिसेंबर १९५१ ला तापलेल्या राखेचा आणि वायूचा लोट उतारावरून खाली आला त्यात ५०० च्या वर माणसं गेली. त्यानंतरच, १९५२ मध्ये, फिलिपिन्सने ज्वालामुखींवर लक्ष ठेवायला सरकारी आयोग काढला, आजची फिवोल्क्स ही त्याचीच पुढची संस्था. त्या डोंगरावर त्यांची कायम नजर असते, इशाऱ्याची पातळी ० ते ५ अशी जाहीर होते, निघायच्या आधी ती बघा, ० म्हणजे नेहमीची स्थिती.

आणि त्याआधी १८७१ ला काय झालं ते बेटावरच्या कातारमान गावाला गेल्यावर समजेल. त्या वर्षी बेटाच्या वायव्येला नवा ज्वालामुखी उगवला, गावाचं स्मशान समुद्रात गेलं, आता १९८२ साली उभारलेला मोठा क्रॉस तेवढा पाण्यावर दिसतो. त्याच्या खाली प्रवाळ वाढलंय, लोक तिथे स्नॉर्कलिंग करतात. मी पाण्यात उतरलो नाही, काठावरच बसलो. जवळच गुई-ओब या जुन्या पडक्या चर्चच्या भिंती आहेत, छप्पर नाही, दगडावर हाताच्या जाडीएवढं शेवाळ आणि आत मोठमोठी झाडं. सासूबाईंना तिथे चालायला काही त्रास नाही, जमीन सपाट आहे.

गुडघ्यांसाठी तर अर्डेंटची गरम पाण्याची कुंडं आहेतच, पाणी साधारण ४० अंश, आणि ती ऊब त्याच हिबोक-हिबोकची. संध्याकाळी उशिरा जा, पाय सोडून तासभर बसता येतं. काटिबावासानचा धबधबा सुमारे ७० मीटरचा आहे, खाली उतरायला पायऱ्या आहेत, ओल्या असतात, हात धरून न्या. हिबोक-हिबोकचा माथा मात्र तुम्ही दोघांनीच करा, १३३२ मीटर, परवानगी आणि गाइड घ्यावाच लागतो, पूर्ण दिवस जातो.

जेवणाचं जरा अवघड आहे. मोंगो म्हणून मुगाची आमटी बऱ्याच ठिकाणी मिळते पण तिच्यात डुकराचं मांस किंवा सुकी मासळी असते, भाजीतही कोळंबीची पेस्ट घालतात, आणि त्यांना ते मांसाहार वाटतच नाही, त्यामुळे नुसतं व्हेज म्हणून भागत नाही, एकेक पदार्थाचं नाव घेऊन विचारावं लागतं. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, मांबाहाओच्या बाजारात भाज्या, केळी, आंबे सगळं मिळतं. लांसोनेस मात्र ऑक्टोबरच्या आसपास येतात, एप्रिलमध्ये नाही मिळणार, त्याचं वाईट वाटतं कारण ते फळ तिथेच खावं. फिकट पिवळी साल, बोटाला चीक लागतो, आत पारदर्शक पाकळ्या आणि गोडी अशी की हात थांबत नाही, फक्त बी दाताखाली आली की कडूजहर.

पाऊलवाट

सासूबाईंना सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. १९५१ चं ऐकून गप्प झाल्या, मग म्हणाल्या, तिथली माणसं तिथेच राहतात ना अजून, मग आपण ५ दिवस जाऊन येऊ. बुकिंग करतोय! व्हाइट आयलंडला जाताना ओहोटी बघून जायचं की भरती?

खारावारा

ओहोटी, ताई. भरतीला दांडा अगदी चिंचोळा होतो. आदल्या दिवशी होडीवाल्यांना वेळ विचारून ठेवा, आणि पहाट आणि ओहोटी जुळत नसेल तर पहाटच धरा. सासूबाईंसाठी एक मोठी छत्री न्या, आणि होडीत चढताना गुडघाभर पाण्यातून जावं लागतं, होडीवाले हात देतात पण साडीपेक्षा सलवार बरी पडेल.