स्ट्रोक्सचा ‘इज धिस इट’: नेमकी कोणती प्रत घ्यावी?

निमिष
द स्ट्रोक्स या न्यूयॉर्कच्या रॉक बँडचा २००१ चा पहिला अल्बम विकत घ्यायचाय. बजेट शिपिंग धरून ३० डॉलर, त्याच्या वर जाणार नाही. सीडी, एलपी (मोठी तबकडी) दोन्ही वाजवायची सोय आहे. प्रतींमध्ये गाणी वेगवेगळी आहेत असं वाचलं. कोणती घेऊ?

जुनी_तबकडी
रफ ट्रेड या रेकॉर्ड कंपनीची २००१ ची ब्रिटिश एलपी घ्या, दुसरं काही बघूच नका. मुखपृष्ठावर कॉलिन लेनने काढलेला हातमोज्याचा मूळ फोटो आणि अकराच्या अकरा मूळ गाणी. माझ्याकडे तीच आहे. अख्खा अल्बम साधारण ३६ मिनिटांचा, म्हणजे एका बाजूला सुमारे १८. एवढ्यात सुई फिरते त्या खाचा ऐसपैस कापता येतात, आवाज दबत नाही. ३० डॉलरमध्ये चांगल्या अवस्थेतली मिळणं अवघड, बजेट वाढवा.

अमोघ
+१. रफ ट्रेडचीच. त्याहून चांगलं म्हणजे २०२३ चा ‘द सिंगल्स व्हॉल्यूम ०१’ हा संच, सुट्या गाण्यांच्या ७ इंची दहा तबकड्या. माझ्याकडे आहे, कपाटात झकास दिसतो.

केतकी_स
अहो, त्यांना अल्बम हवाय, संच नाही! आणि बजेट ३० आहे.
सीडी घेणार असाल तर हे बघा. अमेरिकन सीडी २५ सप्टेंबर २००१ ला येणार होती. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर ती ९ ऑक्टोबरवर गेली, आणि पोलिसांना निर्बुद्ध म्हणणारं ‘न्यूयॉर्क सिटी कॉप्स’ काढून ‘व्हेन इट स्टार्टेड’ घातलं. अमेरिकन एलपी मात्र ११ सप्टेंबरलाच बाजारात आली होती, तिच्यात मूळ गाणं शाबूत आहे.
वापरलेली सीडी घेताना पाठीमागचं नववं गाणं वाचा, फरक तिथेच आहे. जाहिरातीतल्या मुखपृष्ठाच्या फोटोवरून प्रत ओळखू नका. काही विक्रेते इंटरनेटवरचा कुठलाही फोटो लावतात. मागच्या बाजूचा खरा फोटो मागवून घ्या.

बेसुर
मुळात हा अल्बम एवढा मोठा आहे का? एनएमई या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाने १० पैकी १० दिले, पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या वेबसाइटने ९.१. ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत दुसरा क्रमांक, आणि स्वतःच्या देशात? ३३! गायकाचे वडील एलिट मॉडेल एजन्सीचे संस्थापक. टेलिव्हिजन आणि व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या जुन्या न्यूयॉर्क बँडचे अल्बम घ्या, मूळ माल तिकडे आहे.

तिहाई
वडिलांनी गिटार वाजवलेली नाही. ‘हार्ड टू एक्स्प्लेन’ हेडफोनवर ऐका: ड्रमर मोरेत्तीचे ड्रम इतके दाबलेत की ड्रम मशीन वाटावं, पण माणूस वाजवतोय. व्हॅलेन्सी आणि हॅमंड हे दोन गिटारवादक एकमेकांच्या सुरांवर चढत नाहीत, प्रत्येकाची सुरावट सुटी ऐकू येते. निर्माता गिल नॉर्टनबरोबरचं आधीचं रेकॉर्डिंग फार गुळगुळीत झालं म्हणून बँडने टाकून दिलं आणि दुसरा निर्माता गॉर्डन राफाएल याच्या मॅनहॅटनमधल्या तळघरातल्या स्टुडिओत नव्याने केलं. गायकाचा आवाज पीव्ही कंपनीच्या सरावाच्या छोट्या अँपमधून (ध्वनिवर्धकातून) काढलाय, त्यामुळे तो जरा फाटतो.

हे निमिषच्या कामाचं: तो फाटका आवाज ऐकून एलपी खराब समजू नका. फक्त गाणाऱ्याचा आवाज खरखरतोय आणि झांजा स्वच्छ आहेत, तर ते रेकॉर्डिंगच तसं आहे. झांजा आणि ‘स’, ‘श’ फसफसतात आणि तबकडीच्या त्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात जास्तच, तर खाचा झिजल्यात किंवा सुईचं वजन (ती तबकडीवर टाकते तो भार) चुकलंय. सुईचं कार्ट्रिज एटी-व्हीएम९५ई असेल तर २ ग्रॅम ठेवा, १.८ ते २.२ च्या बाहेर नको. वजन कमी ठेवल्याने तबकडी वाचते हा गैरसमज आहे. सुई खाचेत उडते आणि उलट जास्त ओरखडते.

जुनी_तबकडी
वजन वगैरे ठीक, पण मूळ मुखपृष्ठाशिवाय या अल्बमला अर्थ नाही.

बेसुर
यातल्या ‘लास्ट नाइट’ची सुरुवात अमेरिकन रॉक गायक टॉम पेटीच्या ‘अमेरिकन गर्ल’वरून घेतलीय, हे बँडनेही मान्य केलंय. त्याचं काय?

तिहाई
पेटीने त्यावर हरकत घेतली नाही. तुम्ही कशाला घेताय?

निमिष
सगळ्यांचे आभार. वापरलेली अमेरिकन सीडी मागवली, ‘व्हेन इट स्टार्टेड’ असलेलीच. मागच्या बाजूचा फोटो मागवला, नववं गाणं तपासलं. बजेटमध्ये बसली.

जुनी_तबकडी
म्हणजे मूळ गाणं नसलेली एकमेव प्रत घेतलीत?

निमिष
हो. ‘न्यूयॉर्क सिटी कॉप्स’ मोबाइलवर रोज ऐकतो. मला ते दुसरं हवं होतं.

केतकी_स
ते २००२ च्या ‘स्पायडरमॅन’च्या साउंडट्रॅकवरही आहे. पण अल्बमच्या ओघात ऐकायचं असेल तर हीच सीडी बरोबर.