शिंपी की राखी वटवट्या? उंबराच्या रोपावरचं घरटं, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही नागपुरात प्रतापनगरला राहतो. मागच्या आवारात भिंतीलगत उंबराचं एक रोप आपोआप उगवलंय, कमरेएवढं झालंय. मुळं भिंतीत शिरतील म्हणून येत्या रविवारी मिस्त्री ते काढणार होता. परवा सांबार (म्हणजे कोथिंबीर) तोडायला गेले आणि वाकले, तर दोन पानांच्या कडा एकमेकींना शिवलेल्या! प्रत्येक टाक्याशी कापसाचा बारीक पुंजका, पान फाटू नये म्हणून गाठ मारावी तसा. मी हात मागे घेतला आणि तशीच उभी राहिले.

सासूबाई म्हणतात, पानं शिवली म्हणजे शिंपी पक्षीच. शेजारच्या कन्हेरावर रोज सकाळी 'टुविट टुविट' असा केवढा तरी मोठा आवाज येतो, तो शिंपीचाच हे मलाही माहीत आहे. पण घरट्याकडे येणारा पक्षी मला वेगळा वाटतोय. चिमणीहून लहान, शेपटी उभी, इथपर्यंत शिंपीच. पोट मात्र पांढरं नाही, पिवळसर तांबूस झाक आहे. ढगाळ उजेडात डोकं नुसतं काळपट दिसतं, तांबूस की राखी ते कळत नाही. मोबाइलच्या फोटोत फक्त पान आलं. नक्की कसं ओळखू? आणि मिस्त्रीला किती दिवस थांबवू?

प्रतिसाद

ताई, घरट्यावरून ठरवू नका. राखी वटवट्याही पानं शिवून घरटं करतो आणि त्याला अशीच बुटकी झुडपं आवडतात. तुम्ही पोटाचा रंग पाहिलात ते फार चांगलं केलं, माझा कल त्यावरूनच वटवट्याकडे आहे.

सकाळी ऊन तुमच्या पाठीशी असेल अशा जागी बसा, लांबच. शिंपीची पाठ शेवाळी हिरवी, टाळू तांबूस. पिल्लू नुकतं उडालेलं असेल तर टाळूचा रंग नसतो, म्हणून पाठ आधी बघा. वटवट्याचं डोकं राखी, डोळा लालसर. सगळ्यात भरवशाची खूण शेपटीत. वटवट्याच्या शेपटीला खालून पिसांच्या टोकांशी काळे ठिपके आणि त्यापुढे फिकट कड असते, शिंपीला ते ठिपके नाहीत. विणीच्या दिवसांत शिंपी नराची मधली दोन पिसं मात्र सुईसारखी लांब होतात. कानही उघडे ठेवा, वटवट्या झुडपातून उडताना कधीकधी चट-चट असा ठिणगी उडाल्यासारखा आवाज होतो.

अंडी पाहिली तर क्षणात निकाल लागेल, कारण वटवट्याची विटेसारखी तांबडी, चकचकीत असतात आणि शिंपीची फिकट, ठिपक्यांची. पण कृपा करून पान उघडू नका. टाके सुटतात, आणि आपण वारंवार गेलो की मांजर नि भारद्वाज दोघांचंही तिकडे लक्ष जातं.

भिंतीपुरतं म्हणाल तर पक्षी कुठलाही असो, हिशेब एकच. दोघांचीही अंडी साधारण बारा दिवस उबवली जातात, मग पिल्लं जवळपास दोन आठवडे घरट्यात. अंडी अजून घालायची असतील तर त्याचे आणखी काही दिवस धरा. महिनाभर रोपाला हात लावू नका.

मूळ प्रश्नकर्ती

खूप खूप आभार! आज पावणेसातला ऊन आलं. मी पायरीवर बसले होते. तो तोंडात हिरवी अळी घेऊन कपडे वाळत घालायच्या दोरीवर बसला, शेपटी वर केली आणि खालचे काळे ठिपके मला चक्क मोजता आले. डोकं स्वच्छ राखी. झुडपात शिरताना ती चट-चटही ऐकू आली, सासूबाईंनीसुद्धा ऐकली. अळी आत गेली म्हणजे पिल्लं निघालेली असणार ना?

सांबार आता पुढच्या वाफ्यातला तोडतोय. मिस्त्रीला सांगितलंय, पोळा झाल्यावर ये.